सुटलेले

भाचीच्या मुलीचं बारसं २०२१ च्या मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी झालं. नाशकात इंदिरानगरात, घरच्या घरी, बावीस माणसांत. पाळण्याला शेवंतीच्या माळा होत्या, घुगऱ्या आदल्या रात्रीच भिजत घातल्या होत्या. ऊन उतरल्यावर वारा सुटला, तेव्हा तो बाळाला लागू नये म्हणून कुणीतरी उठून हॉलच्या तिन्ही खिडक्या लावून घेतल्या. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत बाळ पाळण्याखालून आणि पाळण्यावरून फिरलं. आत्याने कानात कुर्र केलं आणि तिच्या पाठीत धपाटे घालायला आम्ही सगळ्या एकदम वाकलो. मास्क हनुवटीवर होते. फोटोपुरते तेही काढले.

मोठे मामा, माझ्या आईचे भाऊ, पाळण्याशेजारच्या खुर्चीवर होते. वय ७४. साठीपुढच्यांना १ मार्चपासून कोविडची लस मिळू लागली होती. त्यांनी नावही नोंदवलं होतं, पण सुईनंतर ताप येतो असं ऐकलं आणि बारसं चुकायला नको म्हणून तारीख पुढच्या आठवड्यावर ढकलली. मी त्यांच्या शेजारी तासभर बसले. जुन्या वाड्याच्या गप्पा निघाल्या. निघताना त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतः खाल्ला.

मला मंगळवारी संध्याकाळी कणकण वाटू लागली. त्याच रात्री भाचीच्या सासूबाईंना ताप आला. शुक्रवारपर्यंत मामा धरून पाच जण झाले, पुढच्या बुधवारपर्यंत अकरा. त्यांतले दहा बरे झाले. मामा पाडव्याच्या आदल्या आठवड्यात गेले.

मागच्या खोलीत एकटी होते त्या दिवसांत मी एक कागद केला. उत्तरपत्रिकेची पुरवणी होती, मागून कोरी. त्यावर पेन्सिलीने बावीस नावं मांडली, जो जिथे बसला होता तिथे त्याचं नाव. मग एकेकाला फोन केले. ताप कधी आला, वास कधी गेला, कुणाशेजारी बसला होतात, बाळाला कुणाच्या हातून घेतलंत. लोकांना वाटायचं, मी चौकशीसाठी फोन केलाय. चौकशीच होती ती. मिळालेल्या उत्तरांवरून मी बाण काढत गेले, कुणाकडून कुणाला.

मामांच्या नावाकडे तीन बाण येत होते. एक भाचीच्या सासूबाईंकडून. एक धाकट्या भाच्याकडून. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण त्याला एक शिंकसुद्धा आली नव्हती. तिसरा माझ्याकडून.

मी गणित शिकवते. नाशकातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विकलक समीकरणं शिकवताना साथीचं उदाहरण दर वर्षी घेते, कारण ते सुबक आहे. सगळं गाव तीन खान्यांत टाकायचं. पहिल्या खान्यात ज्यांना अजून लागण झालेली नाही, पण होऊ शकते ते. दुसऱ्यात ज्यांना झाली आहे आणि जे ती पुढे देऊ शकतात ते. तिसऱ्यात ज्यांचा आता साथीशी संबंध उरलेला नाही ते. या तिसऱ्या खान्याला इंग्रजीत 'काढून टाकलेले' अशा अर्थाचा शब्द आहे. मी वर्गात 'सुटलेले' म्हणायचे, मुलांना पटकन कळायचं. बरा झाला तो सुटला आणि गेला तोही सुटला, दोघांना आपण एकच क्रियापद लावतो. समीकरणही दोघांत फरक करत नाही. त्याला एवढंच विचारायचं असतं की हा माणूस यापुढे दुसऱ्याला आजार देऊ शकेल का. दोघांच्या बाबतीत उत्तर 'नाही' हेच.

हे मी किती वर्गांपुढे सांगितलं असेल. एप्रिलमध्ये बरी होऊन मागच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मामा आणि मी एकाच खान्यात होतो.

हे तीन खाने मांडले १९२७ साली, एडिंबरोत, दोघांनी. विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या स्फोटात १९२४ साली त्यांची दृष्टी गेली होती, पुढची सगळी समीकरणं त्यांनी डोक्यात सोडवली. अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. दोघांचा प्रश्न साधा होता: आलेली साथ कशामुळे थांबते? तोवर दोन उत्तरं दिली जात. एक, लागण होण्याजोगं कुणी उरतच नाही. दोन, जंतूचाच जोर ओसरतो. त्यांनी दाखवलं की थांबण्यासाठी या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते. पहिल्या खान्यातली माणसं एका ठरावीक प्रमाणापेक्षा विरळ झाली की प्रत्येक आजारी माणसाला सरासरी एकाहून कमी नवा माणूस भेटतो. तिथून साथ उतरणीला लागते, आणि ती विझते तेव्हा कितीतरी माणसं पहिल्या खान्यात तशीच, न शिवलेली, शिल्लक असतात.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे फोड करून सांगावं लागत नाही. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, एका वेलीवरून दुसरीवर कशी जाते आणि पानांची गर्दी कमी करून वारा खेळता ठेवला तर ती कशी आटोक्यात राहते, हे तो दर पावसाळ्यात पाहतो. वेलींसाठी जे आम्हाला ठाऊक होतं ते हॉलच्या खिडक्यांना आम्ही लावलं नाही. बाळाला वारा लागू नये म्हणून लावलेल्या खिडक्या होत्या त्या. त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या त्या लेखात एकच आलेख खऱ्या आकड्यांचा आहे आणि तो मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत, दर आठवड्याला मुंबईत प्लेगने किती माणसं गेली त्याचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून जाणारी समीकरणाची रेघ. घंटेसारखा आकार. हिवाळ्यात जमिनीलगत, एप्रिलच्या मध्याला माथा, तिथे आठवड्याला ९०० च्या आसपास मृत्यू, मग पावसाळ्याकडे घसरण. जगभर साथरोगांचं गणित शिकणारा कुणीही कधी ना कधी या आलेखापाशी येतो. रेघ ठिपक्यांवर फार छान बसते, पण त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे क्वचित जातो, तो उंदरांतून आणि पिसवांतून येतो, आणि त्या दोघांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की या आलेखावरून नेमके स्थिरांक काढू नका. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. पण वर्षानुवर्षं हा आलेख फळ्यावर काढताना हे ठिपके आपल्याच मुलखातल्या माणसांचे आहेत, हे मी मुलांना ओझरतंच सांगत आले, याचं आज वाईट वाटतं.

कारण प्लेग आमच्या घरातही आहे. जुन्या नाशकात, तिवंध्यापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा होता. मामांनी बारशाला सांगितलेली गोष्ट त्या वाड्यातलीच, आजीकडून ऐकलेली. कोठीघरात उंदीर पडला. 'उंदीर मेला' असं म्हणत नसत, 'पडला' म्हणत, आणि तो पडला की घर सोडायचं हे ठरलेलं. पणजीने दिवेलागणीपर्यंत भांडी बांधली, देव परडीत घेतले आणि सगळे गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून मखमलाबादच्या बाजूला ओळखीच्या मळ्यात कुडाच्या झोपड्यांत राहायला गेले. पणजोबांचा धाकटा भाऊ तेवढा मागे राहिला. घरात धान्य होतं, दागिने होते, कुणीतरी वाडा राखायला हवं होतं. चार महिन्यांनी सगळे परतले तेव्हा वाडा होता, तो नव्हता. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. 'वाडा राखायला राहिला तो' अशीच त्याची ओळख उरली.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा ऊब शोधत बाहेर पडतात, मग जे उबदार अंग सापडेल त्याला चावतात. पुढची कित्येक वर्षं शास्त्रज्ञांनाही हे पटत नव्हतं. पणजीला पिसवांचं काहीच ठाऊक नव्हतं. पण घर सोडायचं ते माणूस दगावल्यावर नाही, उंदीर पडल्यावर, हे गावाने अनुभवातून बरोबर पकडलं होतं. उंदरांची साथ आधी येते, माणसांची तिच्या मागून.

त्या वर्षांत मुंबईहून पळालेली माणसं रेल्वेने घाट चढून इकडे येत आणि प्लेगही रुळांच्या कडेकडेने गावोगाव पोचला. इथून जवळच्या भगूरला १८९९ साली विनायक सावरकरांचे वडील प्लेगनेच गेले. पुण्यात त्याआधी दोन वर्षं सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. घराघरांत घुसून होणाऱ्या तपासण्या, त्यातून पेटलेला संताप, रँडचा वध, हे शाळेच्या पुस्तकात असतं, इथे पुन्हा लिहीत नाही. १८९७ चा साथरोग कायदा मात्र तेव्हाचाच, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच पुन्हा बाहेर काढला गेला.

साथ आली की कुणाकडून आली हा प्रश्न तिच्याआधी दारात येऊन उभा राहतो. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गावं मरीआईचा गाडा करत. हळद-कुंकू, नारळ, लिंबू, हिरवं लुगडं, सगळं गाड्यावर चढवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. शिवेपलीकडे दुसरं गाव असे. ते गाव घाबरून तो गाडा आणखी पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. लहानपणी आजीकडून हे ऐकताना मला गाड्याची मौज वाटायची, पलीकडच्या गावातल्या लोकांचं काय होत असेल हे मनात यायचं नाही.

एप्रिल-मे २०२० मध्ये आम्ही नाशिककरांनी तो गाडा मालेगावच्या शिवेवर नेऊन सोडला. तिथले आकडे वाढत होते आणि इथे प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं: मालेगावचे लोक ऐकत नाहीत, मालेगावमुळे जिल्हा बदनाम झाला. मीसुद्धा हे बोलले. जिला आयुष्यभर ही समीकरणं शिकवण्याचा पगार मिळाला ती मी. यंत्रमागांच्या त्या गावात दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं राहतात, पाळीपाळीने झोपतात, संडास आणि नळ सामायिक असतात. एकाला किती जण भेटतात हा आकडा तिथे भिंतींनीच ठरवून टाकलेला होता. बंदोबस्ताला बाहेरून गेलेल्या पोलिसांनाही तिथे मोठ्या संख्येने लागण झाली, ती काही त्यांच्या सवयींमुळे नव्हे. त्या खोल्यांत कुणालाही ठेवलं असतं, मला ठेवलं असतं, तरी आलेख तसाच चढला असता.

समीकरणात कोण हा प्रश्न येतच नाही. किती जण, किती वेळ, किती जवळ, मध्ये हवा कशी, आणि समोरच्याच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. एरवी ही त्याची उणीव वाटते. मला त्या दिवसांत मागच्या खोलीत तीच धरून राहण्याजोगी वाटली.

कोविडच्या बाबतीत तर बाण आणखीच फसवा. ताप यायच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस तो देत असतो. म्हणजे रविवारी, मामांच्या शेजारी बसून वाड्याच्या गप्पा मारत असताना, मी दुसऱ्या खान्यात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला तो कुठून मिळाला? त्या आठवड्यात मी कॉलेजात दोनदा गेले होते, बँकेत एकदा, भाजीबाजारात एकदा. माझ्या नावाकडे येणारा बाण कागदाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथे कागद संपतो. आणखी एक गोष्ट आहे. या विषाणूची लागण झालेले बरेच जण पुढे कुणालाच देत नाहीत आणि मोजके जण एकदम पुष्कळांना देतात. तो मोजका कोण हे त्याच्या स्वभावावर ठरत नाही. लागण ऐन भरात असलेला दिवस, बंद खोली आणि बोलणारी, गाणारी, हसणारी माणसं एकत्र आली की ते घडतं. आमच्या हॉलमध्ये पाळणा म्हणताना बावीस तोंडं उघडी होती.

मग यात माणसाच्या हातात काय उरतं, असं मुलं विचारतात. खूप उरतं, आणि हे मी हल्ली वर्गात जास्त वेळ घेऊन सांगते. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना असं चाललं तर दहा पायऱ्यांत १०२४ होतात. तेच सरासरी एकाच्या जराशी खाली आणली तर साखळी आपोआप आखडत जाते. सगळी साखळी तोडावी लागत नाही. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला आणि पुढे गणिताने सांगितलं की मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरे. मॅकेंड्रिक तरुणपणी याच रॉससोबत सिएरा लिओनला गेले होते. तीन खान्यांची बीजं तिथली असावीत असं मला वाटतं. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना तो देतो, म्हणून तिथे शंभरातल्या ९५ मुलांना लस लागते. उरलेल्या पाचांत तान्ही बाळं असतात, ज्यांना लस देता येत नाही अशी आजारी मुलं असतात. त्या ९५ मुलांच्या आया आपापल्या लेकराला मांडीवर धरून सुई देऊन घेतात तेव्हा त्या पाचांचंही होऊन जातं.

आमच्या सोसायटीत मी आता दर रविवारी कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर बघत फिरते. डेंगीचा डास अंड्यातून पंखांपर्यंत यायला आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. जन्मला तिथून तो फार लांब उडत नाही, त्यामुळे आमच्या इमारतीतल्याला चावणारा डास बहुधा आमच्याच इमारतीत वाढलेला असतो. शेजाऱ्यांना आधी राग यायचा. आता चौथ्या मजल्यावरच्या आजी स्वतःच हाक मारतात, ये, आमचा पिंप बघून जा.

येत्या सिंहस्थाची तयारी दिसू लागली आहे. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभानंतर पटकी परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटांनी उत्तर हिंदुस्थानभर गेली होती. तेव्हा ती पाण्यातून येते हे बहुतेकांना मान्य नव्हतं, आज ते शाळकरी पोरही सांगेल. रामकुंडावर लाखो माणसं उतरतील तेव्हा त्यांना पिण्याचं पाणी वेगळं आणि स्वच्छ मिळावं, संडास पुरेसे असावेत आणि ते गंगेपासून दूर असावेत, यासाठी खर्च होणारा प्रत्येक रुपया मला पूजेइतकाच पवित्र वाटतो.

कागद मी कुणाला दाखवला नव्हता. पण बहिणीने कधीतरी मामीजवळ बोलून टाकलं, आणि त्या दिवाळीत पंचवटीत मामीकडे फराळाला गेले तेव्हा तिने विचारलं, "तू सगळ्यांची नावं लिहून काहीतरी ठेवलंयस म्हणे. आण ना एकदा."

मी भाऊबीजेला घेऊन गेले. हात थंड पडले होते. मामीने चष्मा लावला आणि नावांवरून बोट फिरवत वाचू लागली. माझी समजूत होती की ती बाण बघेल. ती नावं बघत होती.

"इथे चुकलंय," ती म्हणाली. "हे आधी खुर्चीत नव्हते. पाळण्याची दोरी ओढत होते. खुर्चीत नंतर बसले, गुडघा दुखायला लागला म्हणून."

मी खोडून नाव दोरीपाशी लिहिलं. तिने आणखी दोघांच्या जागा बदलायला लावल्या. कोण कुठल्या साडीत होतं, घुगऱ्या कुणी वाटल्या, बाळ कुणाच्या हातात गेल्यावर रडलं, सगळं तिला लख्ख आठवत होतं. मग तिचं बोट त्या तीन बाणांपाशी आलं.

"हे काय?"

मी सांगितलं. तिसरा माझ्याकडूनचा आहे, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मामांच्या नावापासून तिच्या नावाकडे जाणाऱ्या बाणावर तिने बोट ठेवलं. तिला ताप मामांनंतर तीन दिवसांनी आला होता.

"आणि हा यांच्याकडून मला आलेला?"

"हो."

"असू दे तो. खोडू नकोस."

तिने पुन्हा पहिल्यापासून नावं मोजली. "बावीसच कशी? बाळ कुठाय?"

बाळाला काहीच झालं नव्हतं. प्रत्येकाच्या हातातून ते गेलं होतं, प्रत्येकाला मी त्याच्याबद्दल विचारलं होतं, पण कागदावर त्याला जागा द्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मामीने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि मधल्या मोकळ्या जागेत, पाळणा होता तिथे, त्या दिवशी ठेवलेलं नाव लिहिलं.